एकतीस मालकांच्या वाड्यातून

नागपूरच्या महाल मोहल्ल्यातल्या आपल्या वाड्याच्या एकतीस मालकांना, आणि पुण्याहून, बेंगळुरूहून, न्यू जर्सीहून 'आमचा महाल' म्हणणाऱ्या, कुलूपबंद खोल्यांच्या सगळ्याच वारसांना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी धाकट्या काकांच्या नातवानं आपल्या देवडीचा जुना फोटो ग्रुपवर टाकला. सागवानी फाटक, कडीपाशी आजोबा, छपरीत बंगई. खाली लिहिलं, 'आपला महाल, आपला वाडा'. रात्रीपर्यंत एकोणीस बदाम आले. त्याच रात्री साडेबाराच्या पावसात न्हाणीघराची मागची भिंत सांदवाडीत, म्हणजे दोन घरांमधल्या बोळीत, बसली. सकाळी मीही फोटो टाकला. त्यावर तीन रडके चेहरे आले आणि एक प्रश्न, "फाटक शाबूत आहे ना?"

फाटक शाबूत आहे.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण ग्रुपवर लिहिलेलं तुम्ही वाचता आणि अंगठा दाखवता. मला अंगठा चालेल, पण तो कागदावर, निबंधकाच्या टेबलापाशी. आणि ही गोष्ट आपल्या एकट्या घरची नाही. बडकस चौकातून कोतवालीकडे चालत जा, मग अयाचित मंदिराच्या बाजूनं परत या. मधल्या गल्ल्यांमध्ये माझ्यासारखं एखादं म्हातारं माणूस छपरीत बसलेलं दिसेल, आणि त्याच्या मागे रांगेनं कुलपं. त्यांच्याही ग्रुपवर बदाम येतच असतील.

तुमच्या पोरांना महाल म्हणजे संघ बिल्डिंग आणि मारबतीची मिरवणूक एवढंच माहीत असतं, म्हणून थोडं मागून सांगते. देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं, १७०२ मध्ये इथल्या बारा वस्त्या जोडून हे शहर वसवलं. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानानं शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. आपलं गांधी गेट म्हणजे त्या तटाचा जुम्मा दरवाजा, आणि तलाव म्हणजे आजचा गांधीसागर. गोंड राजाचा किल्ला महालातच आहे. पण आपल्या घरात नागपूरचा इतिहास थेट भोसल्यांपासून सुरू व्हायचा. आजोबांना गोंडांबद्दल विचारलं की ते म्हणायचे, "होते ना, आधी होते," आणि पुढच्या पानावर जायचे.

१७४३ च्या सुमारास पहिल्या रघुजींनी इथे बस्तान बसवलं. पुढे काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा राजवाडा उभा राहिला. त्या महालाभोवती चाकरीतली, कलेतली, व्यापारातली माणसं बसली. चितारी ज्या ओळीत राहिले ती चितार ओळ. बाजार ज्या वारी भरला त्या वाराची पेठ, म्हणून इतवारी, बुधवारी, शुक्रवारी. ओळ हा शब्द तुमची पोरं विसरली आहेत, त्यांना गल्लीच कळते. ओळ म्हणजे एका धंद्याची माणसं एका रांगेत बसलेली. तुम्ही आलात तर दाखवीन, किराणा ओळीत अजून किराणा मिळतो आणि चितार ओळीत अजून गणपती घडतात.

आपले पूर्वज भोसल्यांच्या दप्तरात कारकून होते, असं आजोबा सांगायचे. त्याचा एकही कागद मी पाहिलेला नाही. पण गोष्ट चांगली आहे, राहू द्या.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी गेले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, तो राजवाडा जळाला. मोठा दरवाजा तेवढा उरला. त्याच वर्षी नागपूरची नगरपालिका स्थापन झाली. वर्गात मी हे दोन्ही आकडे एका ओळीत लिहायची, पोरांच्या लक्षात राहावेत म्हणून. म्हणजे ज्याच्यावरून आपण महालकर झालो तो महाल जळून दीडशेहून जास्त वर्षं झाली आणि नाव तेवढं चालू आहे. वस्तू जाऊन नाव उरण्याची या मोहल्ल्याला सवय आहे. म्हणून तुमच्या 'आपला वाडा'ची मला धास्ती वाटते.

राज्य गेल्यावर चाकरी गेली. मग १८६७ मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. आजीच्या सासूच्या काळात आपल्या मागच्या चौकात मिलमधला एक जॉबर, म्हणजे मुकादम, भाड्यानं राहायचा आणि माडीवर रेल्वेतला बाबू. तुमच्या मनातलं चित्र, पन्नास माणसांचं एक कुटुंब, एक चूल, एक पंगत, हे जेमतेम तीस-पस्तीस वर्षांचं आहे. त्याच्या आधी भाडेकरू होते, त्याच्या नंतरही भाडेकरू आले. वाडा पोटासाठी नेहमीच दुसऱ्याला जागा देत आला.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच फोटोत नाही. १९५६ साली नागपुरात अठरा दिवसांत दोन घटना घडल्या. १४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, डॉ. आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायासह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी असलेलं नागपूर राजधानी उरलं नाही. आपल्या वाड्यात फक्त दुसऱ्या घटनेची चर्चा झाली. मोठे काका आणि मधले काका सचिवालयात होते, त्यांना भोपाळला जावं लागलं. रडारड, गाठोडी, स्टेशनवरचा निरोप हे सगळं मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाहिल्यासारखं वाटतं, जन्म नंतरचा असून. पहिल्या घटनेचं मात्र एकच वाक्य आजीच्या तोंडून ऐकलं. पावसाळ्याआधी लाकडं फोडायला एक बाबा यायचे. विहिरीपासून चार हात लांब बसायचे, आणि आजी वरून त्यांच्या ओंजळीत पाणी घालायची. त्या दसऱ्यानंतर ते आलेच नाहीत. आजी म्हणायची, "भाव वाढला त्याचा."

मी चाळिशीत पोचले तेव्हा मला ते वाक्य ऐकू आलं. विहिरीचा फोटो टाकताना 'थंडगार पाण्याची आपली विहीर' असं लिहिता ना, तेव्हा ते पाणी कुणाला मिळायचं तेही लिहीत जा. आणि मागची बोळ आठवते का? तिकडून मैला उचलायला माणूस यायचा म्हणून ती ठेवलेली होती. तेवीस माणसांत एक संडास होता. मागच्या अंधाऱ्या खोलीत दोन विधवा आत्या होत्या, त्या पंगतीला कधी दिसल्या नाहीत. तुमच्यापैकी अर्ध्या जणी, माझ्या वहिन्या, त्या संडासासाठी पहाटे चारला उठायच्या आणि म्हणूनच धरमपेठेत ब्लॉक घ्यायला नवऱ्याच्या मागे लागल्या. त्यांनी बरोबर केलं. मला कुणी सोडून गेल्याचा राग नाही.

राग कुलपांचा आहे.

भोपाळला गेले त्यांनी परत येऊ म्हणून दोन खोल्यांना कुलूप लावलं. धरमपेठेत, मग त्रिमूर्तीनगरात, मग मनीषनगरात गेले त्यांनी आपला हिस्सा राहावा म्हणून लावलं. पुण्याला आयटीत गेले त्यांनी वडिलांची खोली तशीच राहावी म्हणून. आज सात कुलपं आहेत. कुलूपबंद खोली तशीच राहत नाही हो. उघड्या खोलीवर माकड नाचलं आणि दोन कवेलू, म्हणजे कौलं, फुटले तर रात्री डोक्यावर पाणी पडतं, सकाळी माणूस बोलावतो. बंद खोलीत ते पाणी चार वर्षं भिंतीत मुरतं. माती-विटांची भिंत, ती शेवटी शेजारच्या खोलीला घेऊन बसते. परवा न्हाणीघराचं तेच झालं. दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरावे लागतात. फेरणारा माणूस आता सत्तरीचा आहे आणि शिडीवर चढताना मलाच शिडी धरायला लावतो. नवे कवेलू मिळत नाहीत. कुणाचा वाडा पडला की त्याचे निवडून आणायचे. म्हणजे आपलं छप्पर शेजाऱ्यांच्या पडझडीवर चाललंय.

मी इथे फुकट राहते, असं धाकटी वहिनी कुठेतरी बोलली म्हणे. बरोबर आहे. माझा हिस्सा एक बारांश आहे आणि मी चार खोल्या वापरते. त्याबदल्यात मालमत्ता कर, नळाचं बिल, वायरिंग, कवेलू हे मी बघते. पुढच्या तीन खोल्या इतवारीच्या सराफ्यात काम करणाऱ्या बंगाली कारागिरांना दिल्या आहेत, त्यांचे महिन्याला नऊ हजार येतात. वही छपरीतल्या कोनाड्यात आहे, कुणीही बघावी. चौतीस वर्षं गणित शिकवलंय, बेरीज चुकणार नाही.

सध्याचा महाल हीच माणसं चालवून राहिली. सकाळी साडेसहाला त्यांचा स्टोव्ह लागतो, मग कोपऱ्यावर तर्रीपोहे, मग केळीबाग रस्त्याची शटरं. आपल्या डाव्या हाताचा वाडा आता कापडाचं गोडाऊन आहे, उजव्या हाताच्या वाड्याच्या जागी चार मजली बिल्डिंग, खाली मुंज-लग्नाच्या रुखवताचं दुकान. तुम्ही येता तेव्हा नाक मुरडता, "काय झालं महालाचं!" काय झालं? माणसं राहून राहिली, धंदे करून राहिली. जे तुमच्या ओळखीचे होते ते गेले, एवढंच झालं. मागच्या खेपेला पुण्याची भाची कारागिरांच्या खोलीकडे बघून म्हणाली, "हे लोक कोण?" मी म्हटलं, "बाई, ते भाडं देतात. आपण कोण?"

१७ मार्च २०२५ ला महालात दंगल झाली आणि संचारबंदी लागली, तेव्हा तुमचे बावीस फोन आले. खरंच काळजी होती, मी ते विसरणार नाही. प्रत्येकजण म्हणत होता, "ताई, सोड ते घर." त्या दिवसांत या कारागिरांकडे तांदूळ आणि बटाटे होते, माझ्याकडे डाळ आणि लोणचं. जेवलो. बाहेर गाडीचा भोंगा वाजला की सगळे गप्प व्हायचे. बाकी त्या रात्रीबद्दल टीव्हीवर जेवढं बोललं गेलं त्याच्यापेक्षा कमीच मला माहीत आहे. पण 'सोड' म्हणणाऱ्या बावीस जणांपैकी एकानंही विचारलं नाही की सोडायचं म्हणजे कागदावर काय करायचं.

तर आता कागद. नगर भूमापनातून मी यंदा आखीव पत्रिकेचा, म्हणजे मिळकतीच्या सरकारी नोंदीचा, नवा उतारा काढला. त्यावर पणजोबांच्या चार मुलांची नावं आहेत. त्यांच्या खालच्या मेलेल्यांपैकी निम्म्यांना अजून कंस पडलेला नाही, म्हणजे सरकारदरबारी ते जिवंत आणि मालक आहेत. दर मे महिन्यात 'शिकस्त इमारत', म्हणजे पडायला आलेली, म्हणून नोटीस येते ती आजोबांच्या नावानं. आजोबा १९७१ ला गेले. मी सही करून घेते. यात नोटीस पाठवणाऱ्याची चूक नाही, आपण वारसनोंद केली नाही.

वकिलांनी जिवंत वारस मोजले, ते एकतीस भरले. मुलींची नावं आल्यामुळे यादी लांबली, अशी एका काकांची कुरकुर आहे. काका, महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं हक्क मिळाला. त्याच कायद्यानं माझं नाव तिथे आलं, आणि एकतीसांपैकी तेवढं एकच नाव सध्या वाड्यात झोपतं.

वाड्याची जागा ४,३२० चौरस फूट. सगळ्यात लहान हिस्सा एकशे चव्वेचाळिसांश आहे, म्हणजे तीस चौरस फूट. त्यात पलंग मावेल, पण उतरताना पाय चुलतभावाच्या मालकीत पडेल. हा हिस्सा ज्या भाच्याचा आहे, तोच ग्रुपवर सगळ्यात जोरात लिहितो की 'वाडा विकू द्यायचा नाही'. बरं. दुरुस्तीसाठी मी मागे सगळ्यांकडे हिश्शाप्रमाणे पैसे मागितले होते. गवंड्याचा अंदाज सात लाख वीस हजारांचा होता. भाच्याच्या वाट्याला पाच हजार येत होते. अजून यायचे आहेत.

बिल्डर तीन आले. तिघांनी आधी गल्लीत पावलं टाकून रुंदी मोजली, कारण रस्ता जितका रुंद तितकं बांधकाम मिळतं आणि आपल्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. एकानं तरी शेजारचं गोडाऊन जोडून काहीतरी जमतं म्हटलं. मग उतारा बघितला आणि घडी घालून परत दिला. "ताई, एकतीस सह्या आणा, दुसऱ्या दिवशी टोकन घेऊन येतो." चहा न घेता गेला.

केळीबाग रस्ता रुंद झाला तेव्हाची गोष्ट तुमच्यापैकी कुणी बघितली नाही. घरं मधोमध कापली गेली. महिनोन्‌महिने रस्त्यावरून दिसायचं, एका भिंतीला पोपटी रंग, दुसरीला देवघराचा कोनाडा, त्यात कुंकवाचे डाग, तिसरीला पोरांची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या रेघा. ज्या घरांचे कागद जुळलेले होते ते पुढच्या कामाला लागले. ज्यांची भावकी एकमेकांशी बोलत नव्हती त्यांचं अर्धं घर तसंच ताडपत्री पांघरून उभं राहिलं. ती ताडपत्री मला झोपेत दिसते.

वारसा-वारसा म्हणून तुम्ही मला लेख पाठवता. वाचते. पण आपला वाडा म्हणजे काही राजवाडा नाही, आणि तो कुणी येऊन वाचवेल अशी मला आशाही नाही. मला वाडा वाचवायचाच आहे असंही नाही. दुरुस्त करा, विका, पाडून बांधा, काहीही चालेल मला. पुढची खोली भाड्यानं देऊन मागचा चौक जगवता येईल असं मला वाटतं, त्याचा हिशोब मी मांडून ठेवलाय, पण तो माझ्या एक बारांश हिश्शाचा हट्ट समजा. चालणार नाही ते एवढंच, की तुम्ही लांबून जपणार आणि तो माझ्या डोक्यावर बसणार.

मारबतीला तुम्ही येताच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गाड्या सेंट्रल ॲव्हेन्यूला लावून, किंवा आता मेट्रोनं चितार ओळ चौकाला उतरून. मेट्रोच्या स्टेशनला आपल्या ओळीचं नाव आलं म्हणून केवढे हरखला होतात. काळ्या आणि पिवळ्या मारबतीची भेट मोबाइलवर घेता, 'घेऊन जा गे मारबत' ओरडता, माझ्याकडे पाटोडी-रस्सा खाता आणि चारच्या आत निघता, ट्रॅफिक लागू नये म्हणून. यंदा नेहमीसारखे या, पण मुक्कामाला या. दुसऱ्या दिवशी अकराला वकील आपल्या छपरीत येणार आहेत. ज्यांना हिस्सा नको त्यांनी हक्कसोडपत्र करून द्यावं. ज्यांना हवा त्यांनी वारसनोंदीच्या अर्जावर सही करावी आणि दुरुस्तीचा वाटा लिहून द्यावा. परदेशातल्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र करून पाठवावं, नमुना मी ग्रुपवर टाकते. त्यावर अंगठा दाखवू नका. आधार, पॅन आणि आपापल्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला सोबत असू द्या. आत्यांच्या मुलांनीही यावं, त्यांना निरोप गेला नाही असं नंतर ऐकायचं नाही मला.

झोपायची सोय आहे. कूलर दोन आहेत, ताट्या गेल्याच उन्हाळ्यात बदलल्या. संडास आता तीन आहेत, वहिनींना मुद्दाम सांगा.

आणि येताना किल्ल्या आणा. विहिरीकडच्या खोलीचं कुलूप १९९८ पासून उघडलेलं नाही. तिची भिंत न्हाणीघराच्या पडक्या भिंतीला लागून आहे आणि आतून काही ओल आली आहे का ते मला बाहेरून कळत नाही. कारागिरांतला एकजण म्हणाला, "दीदी, दो मिनिट में तोड़ देंगे." मी नाही म्हटलं. ज्याचं कुलूप आहे त्यानं येऊन उघडावं.

तुमची,
छपरीत बसलेली ताई
महाल, नागपूर